एचआयडी टॉर्चचा निळसर झोत कसा घालवला

माझ्या ३५ वॅटच्या एचआयडी टॉर्चचा (हिच्या बल्बमध्ये तार नसते, वायू आणि धातूंच्या क्षारांमधून वीज जाऊन उजेड पडतो) झोत लांबवर पोचायचा, पण निळसर. झाडाचं खोड आणि शेजारचा दगड दोन्ही सारखेच राखाडी दिसायचे. आधी बॅटरी पूर्ण चार्ज केली, कारण बल्बला वॅट कमी मिळाले तर आतले क्षार नीट तापत नाहीत आणि रंग बिघडतो. (सुरू केल्यावर पहिले काही सेकंद एचआयडीचा रंग वेगळाच असतो, त्यावरून काही ठरवू नका.) मिनिटभर थांबूनही फरक पडेना. बल्ब काढला, तर बुडाशी ८००० केल्विन छापलेलं! केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर.

त्याच वॅटचा ४३०० केल्विनचा बसवला. हे काम बॅटरी काढूनच करायचं. बल्ब पेटताना तिथे हजारो व्होल्ट येतात. काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटने पुसा.

आता खोडावरचं शेवाळ हिरवं दिसतं, साल तपकिरी. उजेडही वाढला, कारण तेवढ्याच वॅटमध्ये ४३०० चा बल्ब जास्त ल्युमेन देतो. रंग ओळखायचे असतील तर ६००० च्या वर जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. दोन टॉर्च जोडीने वापरत असाल तर दोन्ही बल्ब एकदमच बदला. जुन्या बल्बचा रंग सरकलेला असतो, तो नव्याशी जुळत नाही.