मुलाचे पथ्य मुलाच्याच हाती कसे सोपवावे

एखादा पदार्थ पचत नाही आणि एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जीत कणभर अन्नानेही जीवावर बेतू शकते. सीलिअ‍ॅक आजारात त्रास जाणवला नाही तरी गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याची हानी होतच राहते. ॲलर्जी आणि हा आजार, या दोन्हींत खाली सांगितलेले प्रयोग मुळीच करू नयेत. पदार्थ केवळ पचत नाही, असे निदान डॉक्टरांनी पक्के केले आहे हे धरूनच पुढे लिहिते आणि उदाहरण दुधाचे घेते.

प्रथम मुलाला कारण सांगावे. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात कमी पडले, की ती साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जीवाणू तिला आंबवतात. त्यामुळे पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला एवढे नीट कळते.

मग वेष्टन वाचायला शिकवावे. दूध भुकटी, मिल्क सॉलिड्स (दुधातील घन भाग), व्हे (दूध फाटल्यावर निघणारे पाणी) हे शब्द बिस्किटाच्या पुड्यावर त्याने स्वतः बोट ठेवून शोधावेत.

त्यानंतर प्रमाण ठरवावे. ‘दुधाचे काहीच नको’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बहुतेक वेळा अनाठायी असतो. लॅक्टोज न पचणाऱ्या पुष्कळ जणांना एका वेळी सुमारे 12 ग्रॅम, म्हणजे साधारण पेलाभर दुधातले लॅक्टोज, फारसा त्रास न होता चालते. जेवणासोबत घेतले तर अधिक सोसते, आणि दही किंवा मुरवलेले चीज अनेकांना दुधापेक्षा बरे पडते. तरीही प्रत्येक मुलाची मर्यादा निराळी असल्याने सुट्टीच्या दिवशी, एका वेळी एकच पदार्थ, अगदी थोड्या प्रमाणापासून सुरू करावा. काय खाल्ले, किती, केव्हा आणि नंतर काय झाले, हे मुलाने स्वतःच्या वहीत लिहावे.

इथवरचे सारे सोपे आहे. खरी कसोटी चारचौघांत लागते, आणि मलाही सर्वांत जड गेली ती हीच पायरी. वाढदिवसाच्या घरी मूल केकची बशी हातात घेऊन उभे असते, यजमान त्याला सोडून आपल्याकडे वळून विचारतात, “याला चालेल ना?” आणि उत्तर आपल्या ओठांवर आलेले असते. ते गिळावे. “त्यालाच विचारा, त्याला माहीत आहे,” एवढेच म्हणावे आणि मूल जे ठरवील ते मान्य करावे. डोळे वटारणे, मान हलवणे हेही बोलण्याइतकेच वाईट, कारण मूल पोटाचा अंदाज घेण्याऐवजी आपला चेहरा वाचायला शिकते.

कधीतरी ते जास्त खाईल आणि रात्री पोट धरून बसेल. त्या वेळी ‘सांगितले होते ना’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नये, याबाबत माझे मत ठाम आहे. पाणी द्यावे, जवळ बसावे, वहीचा विषय दुसऱ्या दिवशी काढावा आणि ‘किती खाल्लेस?’ हे उलटतपासणीच्या सुरात नव्हे, तर हिशेब जुळवण्यासाठी विचारावे. बोलणी खाल्लेले मूल पुढच्या वेळी कमी खात नाही, ते लपवून खाते. मग पोटदुखीचे खरे कारण आपल्याला कळतही नाही आणि डॉक्टरांनाही सांगता येत नाही. धाक आणि बक्षीस हे दोन्ही उपाय या बाबतीत मी त्याज्य मानते.

काही जबाबदाऱ्या मात्र पालकांनी स्वतःकडेच ठेवाव्यात. दूध कमी झाले की कॅल्शियम दुसरीकडून मिळते आहे ना, वजन आणि उंची वयानुसार वाढते आहे ना, हे आपण पाहावे. त्रासाच्या भीतीने मूल एकेक पदार्थ आपणहून वगळू लागले, वजन घटले, शौचातून रक्त पडले किंवा पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येऊ लागली, तर वही घेऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे, आणि तिथेही आधी मुलालाच बोलू द्यावे.