कामावर दादागिरी करणारा सहकारी आणि 'बघतो' म्हणणारे साहेब: या चुका टाळा

आपल्या कोल्हापूरची शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, नाहीतर उद्यमनगरातलं एखादं छोटं वर्कशॉप. जागा कुठलीही असो, सहकाऱ्याच्या दादागिरीनं वैतागलेला माणूस माझ्याकडं अर्ज लिहून घ्यायला येतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेबांना सांगून झालंय, ते काही करत नाहीत." पर्सोनेल खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं टेबलाच्या पलीकडं काय चालतं ते मला माहीत आहे. व्यवस्थापन ढिलं असतं हे खरंच आहे. भट्टी सांभाळणारा अनुभवी माणूस सोडून गेला तर उत्पादन अडेल, म्हणून त्याच्या दादागिरीकडं काणाडोळा होतो. कधी तो मॅनेजरच्या गावचा असतो, कधी भावकीतला. पण ज्याला त्रास होतोय तोच अशा काही चुका करतो की, ढिल्या साहेबांना आणखी ढिलं राहायला कारण मिळतं. त्याच त्या चुका बघून आता राग येतो, म्हणून लिहितोय.

चहा पिताना सांगितलं म्हणजे तक्रार झाली, असं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. एका फाउंड्रीत क्वालिटीला असलेला मुलगा माझ्याकडं आला होता. डिप्लोमा करून लागलेला, हुशार, पण बुजरा. त्याच्याबरोबरचा सिनियर स्वतःच्या शिफ्टचं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, याच्या नावावर चढवायचा. कंत्राटी कामगारांसमोर त्याला आईवरून बोलायचा. माप तपासायचं गेज लपवून ठेवायचा आणि मग "साहेब, याला गेज सांभाळता येत नाही" म्हणून स्वतःच बोंब मारायचा.

"साहेबांना सांगितलंस का?"

"चार-पाच वेळा सांगितलं की ओ."

"कसं?"

"चहाला गेल्यावर. ते म्हणाले, बघतो."

"लिहून?"

गप्प.

त्या साहेबांना मी फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माझ्याकडं अशी काही तक्रार नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या टेबलावर कागद नव्हता, म्हणजे त्यांच्या लेखी घटना घडलीच नव्हती. चहाच्या वेळी ऐकलेलं कुणी रजिस्टरला लावत नाही. साहेब ढिले आहेत असं म्हणायचं असेल, तर आधी त्यांच्यापुढं हलवता येईल असा कागद ठेवावा लागतो.

माझी सवय सांगतो. अर्ज एका पानाचा. दोन प्रती. एक आत द्यायची, दुसरीवर तारीख, सही, शिक्का घेऊन घरी आणायची. तिला पोच म्हणतात, आणि पोच नसलेला अर्ज मी अर्ज मानत नाही. आवक क्रमांक मिळाला तर सोन्याहून पिवळं. टाईम ऑफिसचा माणूस सही द्यायला तयार नसेल तर वाद घालू नका, पोस्टात जा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती आपल्या प्रतीला टाचा. ईमेल करत असाल तर त्याची एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. कंपनीचा ईमेल एका दुपारीत बंद होऊ शकतो.

अर्ज कुणाला लिहायचा हेही बघा. साहेब त्रास देणाऱ्याच्याच गावचे असतील तर अर्ज त्यांच्या वरच्याला, आणि त्यांना फक्त प्रत. छोट्या कारखान्यात सरळ मालकाला लिहा. सात दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर दोन ओळींचं स्मरणपत्र: अमुक तारखेचा अर्ज, अमुक आवक क्रमांक, काय कार्यवाही झाली ते कळवावं. त्यात नवीन रडगाणं घालू नका. दुसरं स्मरणपत्र पोचलं की व्यवस्थापनाचा उशीरच कागदावर चढतो, आणि त्या उशिराची त्यांना तुमच्या तक्रारीपेक्षा जास्त काळजी वाटते. हे मी टेबलाच्या पलीकडं बसून पाहिलंय.

विशेषणांचा अर्ज

"सदर इसम मला सतत मानसिक त्रास देतो व अपमानास्पद वागणूक देतो." असले अर्ज ढिगानं येतात. यावर कुणीही काहीही करू शकत नाही, कारण यात घडलेलं काहीच नाही. हेच असं लिहा: मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला, साडेचारच्या सुमारास, कोअर शॉपच्या दारात, दोघांच्या समोर ते अमुक शब्द बोलले, माझ्या हातातलं व्हर्निअर हिसकावून घेतलं, त्यामुळं पुढच्या हीटची (भट्टीतून निघणाऱ्या पुढच्या खेपेची) तपासणी अर्धा तास उशिरा झाली. शिवी दिली असेल तर शिवी जशीच्या तशी लिहा. 'अर्वाच्य भाषा' हा शब्द तुमच्या बाजूनं काहीच बोलत नाही.

आणि ते शेवटचं, तपासणी उशिरा झाली हे, विसरू नका. तुमच्या अपमानानं साहेब हलेल न हलेल, डिस्पॅच अडकल्यावर हमखास हलतो. हे वाईट आहे, पण असंच आहे.

यासाठी खिशात छोटी डायरी ठेवा आणि त्याच संध्याकाळी लिहा. मोबाईलमध्ये नको, कंपनीच्या कॉम्प्युटरवर तर नकोच. महिन्यानंतर आठवून लिहिलेल्या तारखा चौकशीत पहिल्या दोन प्रश्नांत गळून पडतात. नव्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना एका अर्जात निकाल पाहिजे असतो. दोन-तीन आठवडे नोंदी ठेवायला सांगितलं की तोंड वाकडं होतं. नोंदी न ठेवता आलेल्याला मी परत पाठवतो. मारहाण किंवा धमकी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं थांबायचं कारणच नाही.

साक्षीदारांची नावं त्यांना विचारल्याशिवाय अर्जात घालू नका. कंत्राटी माणसाचं नाव घातलंत तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेट पास बंद होऊ शकतो.

तालमीतली पोरं गेटवर आणणं

ही खास आपल्याकडची चूक. हिच्यापायी हातातली तक्रार घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातला एक मुलगा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

मंगळवार पेठेतला मुलगा, मशिन शॉपला ऑपरेटर. शिफ्ट बदलताना आधीचा ऑपरेटर सीएनसी मशिनचा ऑफसेट, म्हणजे मापाचं सेटिंग, गुपचूप बदलून जायचा. हा येऊन मशिन सुरू करायचा आणि पहिले चार-पाच जॉब मापाबाहेर. रिजेक्शन याच्या नावावर, बोलणी यालाच, आणि तो दुसरा दारात उभा राहून हसायचा. या मुलानं मात्र सगळं नीट केलं होतं. रिजेक्शनच्या स्लिपा जपल्या होत्या. शिफ्ट घेताना ऑफसेटच्या पानाचा फोटो सुपरवायझरसमोर काढायला सुरुवात केली होती. अर्ज दिला होता, पोच होती, स्मरणपत्र गेलं होतं. उशिरा का होईना, चौकशीची तारीख पडली. इतकी भक्कम तक्रार माझ्याकडं क्वचितच आली असेल.

तारखेच्या आधी त्याचा धीर सुटला. पेठेतल्या मित्रांना त्यानं सगळं सांगितलं. मित्रच ते, त्यांनी "भावा, आम्ही हाय की" म्हटलं आणि शिफ्ट सुटायच्या वेळी गाड्या घेऊन गेटवर उभे राहिले. मारलं कुणी नाही. त्या आधीच्या ऑपरेटरची कॉलर धरली, चार शब्द सुनावले, गाडीची किल्ली काढून घेतली आणि परत दिली. सगळं मिळून पाच मिनिटं.

गेटवर कॅमेरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी या मुलाच्या हातात कारणे दाखवा नोटीस. तो ऑफसेट बदलणारा रात्रीच पोलीस ठाण्यात जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवून आला होता. चौकशी झाली, पण ती याची. कारखान्यातली दंगामस्ती आणि शिस्तभंग स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या लेखी नियमांत, गैरवर्तन म्हणून लिहिलेलं असतं, आणि त्या पोरांना चिथावणारा तूच ना, असं त्याला विचारलं गेलं. ज्या व्यवस्थापनाला इतके दिवस हलायला वेळ नव्हता ते आता वाऱ्यासारखं हललं, कारण आता त्यांच्या गेटचा प्रश्न होता. त्या ऑफसेटचं पुढं कुणी नावही काढलं नाही. शेवटी त्यानं राजीनामा दिला. स्लिपांची पिशवी तो माझ्याकडं ठेवून गेला, ती मला टाकवत नाही.

मित्र लागतातच. त्यांच्याजवळ बोला, रंकाळ्यावर चक्कर मारा, रात्री झोप लागत नसेल तर त्यांना घेऊन डॉक्टरकडं जा. कंपनीच्या रस्त्यावर मात्र त्यांना आणू नका. नगरसेवकाकडून साहेबांना फोन लावणं ही याच चुकीची सभ्य आवृत्ती आहे. फोननं काम होतं तेवढ्या दिवसांपुरतं, आणि साहेबांच्या मनात तुमचं नाव कायमचं लागतं.

चुकीच्या दारात उभं राहणं, किंवा बरोबर दारात उशिरा जाणं

सहकाऱ्याच्या दादागिरीसाठी आपल्याकडं वेगळा असा कायदा नाही. म्हणून घडलंय काय, यावर दार ठरतं. जिथं २० किंवा जास्त कामगार आहेत तिथं तक्रार निवारण समिती असायला पाहिजे. ती आहे का आणि तिच्यावर कोण आहे, हे लेखी विचारा. स्थायी आदेश लागू असतील तर ते मिळवून वाचा आणि अर्जात त्यातल्या गैरवर्तनाच्या कलमाचा उल्लेख करा. जे कलम त्या मुलावर लावलं, तेच दादागिरी करणाऱ्यालाही लागतं. कामगार संघटना असेल तर प्रतिनिधीला सोबत घ्या. सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय हे पुढचं दार, पण कायद्याच्या व्याख्येत कामगार म्हणून बसणाऱ्यांसाठी. व्यवस्थापनात किंवा वरच्या पगाराच्या सुपरवायझर पदावर असाल तर तिथं जाऊन दिवस घालवू नका.

त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर बाईंनी साहेबांच्या 'बघतो'वर एक दिवसही थांबू नये. २०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती बंधनकारक आहे, अध्यक्ष बाईच असते आणि बाहेरचा एक सदस्य असतो. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. समितीला कारण पटलं तर ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. वर्कशॉपमध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. "दिवाळीचा बोनस होऊ दे, मग बघू" म्हणून मुदत घालवलेल्या ताई माझ्याकडं आल्या आहेत. त्यांना घरच्यांनीच थांबवलेलं असतं, त्याची जास्त चीड येते.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर तो कंपनीचा अंतर्गत मामला राहत नाही. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं जातो. "आपापसात मिटवा" म्हणणाऱ्या साहेबांचं ऐकू नका. हात उचलला असेल तर आधी सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाऊन जखमेची नोंद करा आणि मग पोलीस ठाण्यात. शिरोली एमआयडीसी आणि गोकुळ शिरगाव दोन्हीकडं ठाणी आहेत. एनसी घेतली तरी तिची प्रत मागून घ्या.

थोडक्यात सांगण्यासारख्या

व्हॉट्सॲप स्टेटस टाकून टोमणे मारू नका. स्क्रीनशॉट तुमच्याविरुद्ध लागतो.

चोरून रेकॉर्डिंग केलंत तर ते ग्रुपवर फिरवू नका. मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या आणि वकिलाला विचारा.

निनावी पत्र लिहू नका. ते कुणी वाचत नाही, आणि कुणी लिहिलं ते मात्र सगळे ओळखतात.

त्याच्या शिवीला शिवीनं उत्तर दिलंत की साहेबांना "दोघांचीही चूक आहे" म्हणायला मिळतं. त्यांना तेच हवं असतं.

जेवायला एकटं बसायला लागू नका. डबा सगळ्यांत उघडा. उद्या साक्ष द्यायची वेळ आली तर तीच माणसं देणार आहेत. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

तोंडी बदली आणि रागातला राजीनामा

अर्ज दिल्यावर बरेचदा तक्रार करणाऱ्यालाच रात्रपाळीला किंवा दुसऱ्या खात्यात टाकतात. "तुझ्याच भल्यासाठी" म्हणतात. तोंडी आदेशावर भांडू नका आणि गैरहजरही राहू नका. कामावर जा, आणि त्याच दिवशी लिहून द्या: तोंडी सूचनेप्रमाणे आजपासून अमुक खात्यात रुजू झालो आहे, माझा अमुक तारखेचा अर्ज प्रलंबित आहे, बदलीचा लेखी आदेश मिळावा. हा कागद पुढं फार उपयोगी पडतो, कारण तक्रार आणि बदली यांच्या तारखा त्यावर शेजारी शेजारी येतात.

आणि राजीनामा. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते. साडेचार वर्षं झालेला माणूस शनिवारी भांडून राजीनामा फेकून येतो आणि सोमवारी मला हिशोब विचारतो. जायचंच असेल तर दुसरी नोकरी बघून, नोटिशीची मुदत भरून जा. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहायला एचआर सांगेल, तसं लिहू नका. अमुक तारखांचे अर्ज आणि स्मरणपत्रं देऊनही कार्यवाही न झाल्यामुळं राजीनामा देत आहे, असं लिहा आणि त्याचीही पोच घ्या. अनुभवाचा दाखला, शेवटची पगार स्लिप आणि पीएफमधली सोडल्याची तारीख या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय पूर्ण हिशोब मिळाल्याच्या कागदावर सही करू नका.