अंगणातले होले: हिवाळ्यातलं दाणापाणी आणि निरीक्षण

महाराष्ट्रात हिवाळ्यात पाखरांची उपासमार होत नाही. पावसाळी गवताचं बी रानात पडलेलं असतं, खरीप नुकतंच निघालेलं असतं. खरी ओढ एप्रिल-मेमध्ये, आणि ती पाण्याची. थंडीत दाणा टाकायचा तो पक्षी जवळून बघता यावेत म्हणून. हे धरून चाललं की मापही ठरतं: सकाळी एक मूठ, साधारण ५० ग्रॅम, तासाभरात संपेल एवढंच. उरलेल्या दाण्यावर संध्याकाळी उंदीर येतात.

होले म्हणजे कबुतराच्या कुळातले पक्षी, जमिनीवर चरणारे. दाण्याच्या टांगलेल्या नळीवर त्यांना नीट बसता येत नाही. ४५ बाय ३० सेंमीचा, २-३ सेंमी काठाचा ट्रे घ्या, तळाला ५ मिमीची आठ-दहा भोकं पाडा आणि चार विटांवर ठेवा. भोकं नसतील तर दवाचं पाणी साचतं आणि बाजरीला बुरशी येते. जवळचं झुडूप ३ मीटरवर हवं. त्याहून जवळ असलं तर मांजर दबा धरून बसतं. फार लांब असलं तर शिक्रा हा शिकारी पक्षी आला की होल्यांना आडोसा मिळत नाही. मोठ्या काचेच्या खिडकीसमोर ट्रे नको, पक्षी काचेवर आदळतात. जागाच नसेल तर काचेवर बाहेरून ५-५ सेंमीवर पट्ट्या चिकटवा.

दाणा म्हणजे बाजरी, राळा आणि थोडी ज्वारी. होला दाणा सोलत नाही. अख्खा गिळतो आणि पेषणीत, म्हणजे पोटातल्या दाणा दळणाऱ्या पिशवीत, खड्यांच्या मदतीने दळतो. म्हणून एका कोपऱ्यात चिमूटभर जाड वाळू ठेवा. शिळा भात, फरसाण, पोळी नको. पेरणीसाठी औषध लावलेलं रंगीत बियाणं तर कधीच नको, ते विष आहे.

पाण्याला मातीचं पसरट भांडं, ३-४ सेंमी खोल. होला चोच बुडवून सलग पाणी ओढतो. चिमणी घोट घेऊन मान वर करते. हा फरक पाच मिनिटांत दिसतो.

आता ओळख. आधी मान बघा. मानेमागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके असले तर ठिपकेवाला होला. फिकट राखी अंग, मानेवर एकच काळी अर्धी रेघ आणि आकार मोठा असला तर पठाणी होला. मान साधी, पण छातीवर तांबूस-काळी ठिपक्यांची पट्टी असली तर छोटा तपकिरी होला. खरा घोटाळा लाल होल्याच्या मादीत होतो. नर विटकरी असतो, त्याचं डोकं राखी. मादी मात्र लहान पठाणी होल्यासारखीच दिसते. अशा वेळी शेजारच्या होल्याशी आकार ताडून बघा, शेपूट आखूड आहे का तेही पाहा.

नर मादीपुढे मान फुगवून वाकून घुमत असेल तर आसपास घरटं होण्याचा संभव असतो. काटक्यांची विरळ बैठक, त्यात दोन पांढरी अंडी. कुंडीत किंवा एसीच्या खोक्यामागे सापडली तर हलवू नका.

ट्रेवर चिमण्या आणि मनोल्याही (मुनिया) येतील. हिवाळी पिसाऱ्यातली सुगरण चिमणीच्या मादीसारखी दिसते, तिची चोच जाड असते. बुलबुलाला पपईची फोड ठेवा. थंडीचा पाहुणा थिरथिरा दाण्याला तोंडही लावणार नाही. त्याला किडे हवेत, म्हणून कोपऱ्यातला पालापाचोळा झाडू नका. पारव्यांनी ट्रे बळकावला तर आठवडाभर दाणा बंद.

सगळ्यात जास्त चुकतं ते स्वच्छतेत. उष्ट्या दाण्यातून आणि पाण्यातून होल्यांना घशाचा जीवघेणा रोग होतो. पाणी रोज बदला. ट्रे आणि भांडं आठवड्यातून एकदा घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. पिसं फुगवून बसलेला, चोच ओली आणि दाणा तोंडातून पडणारा होला दिसला की दाणा-पाणी दोन्ही किमान दोन आठवडे बंद ठेवा. पाण्यात औषध घालू नका; किती पोटात गेलं हे कळत नाही.

सुरुवात ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात करा. रोज सकाळी सात ते साडेसात याच वेळेत, प्रत्येक जातीचे एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त पक्षी टिपा. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत गावाकडे आकडा घसरला तर घाबरू नका, होले खळ्यावर गेलेले असतात.