काडतुसाची लांबी आणि बोल्टची चाल

.३०८ आणि .३०-०६ या दोन रायफली, दोन्हीची गोळी ७.८२ मिलिमीटर व्यासाची. मग एकीचं काडतूस दुसरीत का चालत नाही? बेळगाव-खानापूर पट्ट्यात लायसनवाल्यांच्या गप्पांत हा प्रश्न ठरलेला. उत्तर गोळीत नाही, तिच्यामागच्या पुंगळीत, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्यात आहे.

अ‍ॅक्शन म्हणजे बोल्टची, काडतूस आत ढकलणाऱ्या आणि बाहेर काढणाऱ्या सरकत्या दांड्याची, यंत्रणा. ती आखूड की लांब हे बोअरवरून, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासावरून, ठरत नाही. बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत अख्खं काडतूस किती लांब, त्यावर ठरतं. .३०८ ची पुंगळी ५१ मिमी, अख्खं काडतूस सुमारे ७१ मिमी. हे शॉर्ट अ‍ॅक्शन. .३०-०६ ची पुंगळी ६३ आणि काडतूस जवळपास ८५, हे लाँग. .३७५ एच अँड एच ९१ मिमीच्या पुढं जातं, त्याला लाँगहूनही लांब मॅग्नम अ‍ॅक्शन लागते. .२२३ जेमतेम ५७ मिमीचं. ते शॉर्टमध्येही बसतं, पण काही कंपन्या त्यासाठी वेगळी, अजून आखूड अ‍ॅक्शन काढतात.

लांबीइतकंच बूडही पाहायचं. .३०० विनचेस्टर मॅग्नम लांबीला .३०-०६ एवढंच, पण बूड १२ ऐवजी १३.५ मिमी. अ‍ॅक्शन तीच चालते, बोल्टचं तोंड मात्र निराळं लागतं.

मापायचं असेल तर आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढा; चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. मग मॅगझिनची आतली लांबी व्हर्नियरनं (बारीक माप घेणाऱ्या मापपट्टीनं) घ्या. काडतुसापेक्षा ती एक-दोन मिमी जास्त हवी. कमी असेल तर गोळीचं टोक पुढच्या भिंतीला घासतं आणि काडतूस वर यायला अडतं. उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, व्हर्नियरला तोटा नाही, पण व्हर्नियर घरी आणा, बंदूक वर्कशॉपात नेऊ नका.

शॉर्टची सवय असलेल्या हाताला लाँग अ‍ॅक्शन दगा देते. बोल्ट मागं ओढला, पण शेवटचा सेंटिमीटरभर राहिला. बोल्टचं तोंड खालच्या काडतुसाच्या बुडामागं पोचलंच नाही. पुढं ढकलला तर चेंबर रिकामं, नाहीतर बाहेर न पडलेली पुंगळीच परत आत. यात दोष रायफलीचा नाही. बोल्ट ठेच लागेपर्यंत मागं आणायचा, बस.

आपल्याकडची .३१५ या हिशोबात बसत नाही. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली ही रायफल ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश फौजी रायफलीच्या घराण्यातली, पुंगळी ५० मिमी आणि बुडाला बाहेर आलेली कड. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढं ठेवा. मागं राहिली की ती खालच्या कडेत अडकते आणि बोल्ट रेटूनही पुढं सरकत नाही.

एक मात्र कधीच करू नका: .३०-०६ मध्ये .३०८ घालणं. काडतूस आत जातं, वेळेला उडतंही. पण चेंबर १२ मिमी जास्त लांब असल्यानं पुंगळीला पुढं आधार नसतो. ती फाटते आणि तापलेला वायू चालवणाऱ्याच्या तोंडाकडं येऊ शकतो. नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव, काडतुसाच्या बुडावरचा शिक्का आणि लायसनवरची नोंद, तिन्ही जुळल्याशिवाय बोल्ट बंद करायचा नाही.