दोन-तीन टीएफएसए असतील तर हिशोब कसा ठेवायचा

कॅनडात आलेल्या आपल्या लोकांचं साधारण असंच होतं, पगार येतो त्या बँकेत पहिलं टीएफएसए (टॅक्स-फ्री सेव्हिंग्ज अकाउंट, यातल्या कमाईवर कॅनडात टॅक्स नाही), मग कुणी मित्र सांगतो ईटीएफसाठी (शेअरसारखे बाजारात विकत घ्यायचे फंड) अमुक ॲप स्वस्त आहे म्हणून तिथं दुसरं, आणि ऑफिसच्या ग्रुप प्लॅनमधलं तिसरं तर आठवतही नाही कारण ते परस्पर पगारातून कापलं जातं. अकाउंट कितीही उघडा, चालतं. लिमिट मात्र माणशी एकच, आणि सगळीकडे मिळून तुम्ही किती टाकले हे कुठलीही बँक सांगणार नाही, तिला बाकीच्या अकाउंटचा पत्ताच नसतो.

तुम्ही म्हणाल सीआरएच्या (कॅनडाचं टॅक्स खातं) ऑनलाइन माय अकाउंटमध्ये रूम, म्हणजे आतापर्यंतच्या लिमिटमधून अजून किती टाकता येतील ते, दिसते की. दिसते, पण तो आकडा १ जानेवारीचा, आणि बँका मागच्या वर्षीचे व्यवहार फेब्रुवारी संपेपर्यंत कळवतात, म्हणजे जानेवारीत बघितलं तर डिसेंबरमध्ये टाकलेले पैसे कदाचित त्यात धरलेलेच नसतात. शिवाय चालू वर्षात काय टाकलं ते तर त्यात येतच नाही. मी एप्रिलच्या आधी त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, आणि नंतरही आपल्या वहीशी ताडून बघतो.

वही म्हणजे साधी एक्सेल किंवा गुगल शीट. कॉलम पाचच: तारीख, कुठलं अकाउंट, टाकले, काढले, शेरा. सगळ्या अकाउंटची मिळून एकच शीट ठेवा, प्रत्येकाची वेगळी केली की बेरीज करायची राहून जाते (अनुभव आहे). नवरा-बायकोची मात्र वेगवेगळी, कारण रूम ज्याची त्याची. जुनी स्टेटमेंट काढून पहिल्या डिपॉझिटपासून भरा, एक रविवार जाईल पण एकदाच.

आता लिमिट. टीएफएसए २००९ ला सुरू झालं, २०१९ ते २०२२ वर्षाला ६,००० डॉलर, २०२३ ला ६,५००, आणि २०२४, २०२५, २०२६ ला ७,०००. वयाची १८ वर्षं पूर्ण झाली असतील तर तुमची रूम तुम्ही कॅनडाचे रेसिडेंट झालात त्या वर्षापासून सुरू होते, आणि नोव्हेंबरमध्ये उतरलात तरी त्या वर्षाची पूर्ण मिळते. पण त्याआधीच्या वर्षांची नाही! ऑफिसातला कॅनेडियन कलीग म्हणतो माझी एक लाखाच्या वर आहे, ती त्याची, २००९ पासूनची.

समजा तुम्ही नोव्हेंबर २०२१ ला आलात. २०२१ ते २०२६ ची बेरीज ३९,५००. २०२५ अखेरपर्यंत सगळीकडे मिळून टाकले २४,०००, आणि भारताच्या तिकिटांसाठी २०२५ मध्ये काढले ३,०००. तर १ जानेवारी २०२६ ची रूम ३९,५०० वजा २४,००० अधिक ३,००० म्हणजे १८,५००. यातून यावर्षी टाकाल ते वजा करत जायचं, बास. शेअर वाढले-पडले, डिव्हिडंड आला, याचा रूमशी संबंध नाही, फक्त बाहेरून आत आलेले आणि आतून बाहेर गेलेले पैसे लिहायचे.

खरी गोची काढलेल्या पैशात आहे. काढलेल्या पैशाची रूम परत मिळते, पण पुढच्या १ जानेवारीला. माझी रूम संपलेली होती, ऑगस्टमध्ये एका बँकेतून ६,००० काढून दुसरीकडे टाकले, मला वाटलं माझेच पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात, त्यात काय. सीआरएच्या लेखी ते नवीन कॉन्ट्रिब्युशन. जादा रकमेवर महिन्याला १% टॅक्स, म्हणजे ६० डॉलर, ऑगस्ट ते डिसेंबर पाच महिने, ३०० डॉलर गेले. अकाउंट हलवायचं असेल तर स्वतः काढू नका, नवीन बँकेकडून डायरेक्ट ट्रान्सफरचा फॉर्म भरून घ्या, ते ना काढण्यात धरतात ना टाकण्यात. जुनी बँक ट्रान्सफर फी लावते बऱ्याचदा, पण ३०० पेक्षा कमीच असते.

आणि पैसे लागणारच असतील तर डिसेंबरमध्येच काढा. ३१ डिसेंबरच्या आत काढले तर रूम लगेच १ जानेवारीला परत, २ जानेवारीला काढले तर वर्षभर थांबा. शेअर विकून पैसे हातात यायला दिवस लागतात, म्हणून ख्रिसमसच्या आधीच आटपा.

ऑटो डिपॉझिट शीटमध्ये लिहायचंच राहतं. दर दोन आठवड्यांनी १०० म्हणजे वर्षाला २,६००, ती रक्कम जानेवारीतच रूममधून बाजूला काढून ठेवा. आरआरएसपीसारखं (कॅनडातलं निवृत्तीसाठीचं बचत अकाउंट) इथं जानेवारी-फेब्रुवारीत टाकलेलं मागच्या वर्षात धरता येत नाही, आणि पीपीएफसारखं एप्रिल-मार्चही नाही, सरळ कॅलेंडर वर्ष. कायमचं भारतात परतलात तर ऑटो डिपॉझिट आधी बंद करा, नॉन-रेसिडेंट असताना टाकलेल्या पैशावर रूम असली तरी महिन्याला १% लागतो.

एवढं करूनही जास्त गेलेच तर जास्तीचे त्याच दिवशी काढा, आरसी२४३ फॉर्म (टीएफएसएचं टॅक्स रिटर्न) पुढच्या वर्षी ३० जूनच्या आत भरा, आणि चूक कशी झाली ते लिहून माफीचा अर्ज करा. चूक खरोखर नकळत झालेली आणि पैसे लगेच काढलेले असतील तर सीआरए टॅक्स माफ करू शकते. तेव्हा शीटमधला शेरा कॉलम कामाला येतो.