रँडमचा फोन आला की सरळ कलेक्शन साइटवर जा

अमेरिकेतल्या एका छोट्या ट्रकिंग कंपनीत मी सेफ्टीचं काम बघते. नुकतंच सीडीएल, म्हणजे ट्रक-बससारखी मोठी वाहनं चालवायचा परवाना, हाती आलेल्या ड्रायव्हरला मी सगळ्यात आधी हेच सांगते: रँडमसाठी, म्हणजे अचानक होणाऱ्या अमली पदार्थांच्या किंवा दारूच्या चाचणीसाठी, तुमचं नाव निघालंय असा फोन आला, की गाडी नीट लावा आणि तडक चाचणीला जा. जेवण, आंघोळ, डिझेल सगळं नंतर.

हे मी तळमळून सांगते त्याला कारण आहे. आमचा एक ड्रायव्हर, आयुष्यात कुठल्याही नशेला न शिवलेला. अमली पदार्थांच्या चाचणीला गेला, तर कलेक्शन साइटवर त्याला लघवीच होईना. अर्धा तास बसला, तेवढ्यात पुढच्या लोडची वेळ जवळ आली, "उद्या सकाळी येतो" म्हणून निघून गेला. पार्किंगमधून त्यानेच मला फोन केला, अगदी सहज. तोवर कागदावर 'नकार' लागला होता, आणि कायद्याने नकार म्हणजे पॉझिटिव्हच. हे मी त्याला आधी बजावून सांगायला हवं होतं.

म्हणून नीट लक्षात ठेवा. किमान 45 मिली नमुना लागतो. नाही झाला तर तीन तासांची मुदत मिळते आणि त्यात 40 औंसांपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा लिटरच्या आत, पाणी पिता येतं. बसून राहा. डिस्पॅचरचा फोन आला तर त्याला माझा नंबर द्या, लोडचं मी बघते. तीन तासांतही नाही जमलं तर डॉक्टरकडून तपासणी होते; खरंच वैद्यकीय कारण निघालं तर चाचणी रद्द होते, नकार लागत नाही. पण मधेच उठून गेलात तर ही वाट बंद.

नमुना दिल्यावर चार मिनिटांत त्याचं तापमान बघतात. मग तुमच्यासमोर तो दोन बाटल्यांत ओततात आणि सील लावतात. सील लागेपर्यंत बाटल्यांवरची नजर हलवू नका, सह्या मगच करा.

दारूचं गणित वेगळं. कामावर येण्याआधीचे चार तास एक थेंबही नाही. चाचणीत दारूचं प्रमाण 0.04 आलं की उल्लंघन; 0.02 ते 0.039 मध्ये आलात तरी 24 तास स्टिअरिंगला हात लावता येत नाही. औषधातली दारूही यात धरतात, तेव्हा घरून आणलेलं द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट कामाच्या आधी घेऊ नका.

गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असेल. सीडीएलला केंद्राचा नियम लागतो आणि त्यात तो चालत नाही, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. सुट्टीवर भारतात जाऊन होळीला प्यायलेली भांगही तीच वनस्पती. सीबीडी तेलाच्या बाटलीवर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवू नका, निकाल पॉझिटिव्ह आला तर ते कारण ऐकून घेत नाहीत.

लॅबमध्ये काही सापडलं तर आधी एमआरओ, म्हणजे निकाल तपासणारे डॉक्टर, तुम्हाला फोन करतात. अनोळखी नंबर म्हणून तो कापू नका. प्रिस्क्रिप्शनचं औषध असेल तर ते सांगायची जागा हीच. निकाल चुकीचा वाटला तर दुसरी बाटली तपासायची मागणी 72 तासांत करता येते.

पॉझिटिव्ह किंवा नकार पक्का झाला की नाव क्लिअरिंगहाउसमध्ये, म्हणजे अशा उल्लंघनांच्या केंद्र सरकारच्या नोंदवहीत, जातं. नोव्हेंबर 2024 पासून राज्य तुमचं सीडीएलही खाली उतरवतं, म्हणजे मोठी वाहनं चालवायची मुभा काढून घेतं. परत यायचं तर एसएपीकडे, म्हणजे नशेच्या प्रकरणांतल्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडे, मूल्यांकन, त्यांनी सांगितलेले उपचार किंवा शिक्षण, मग देखरेखीखाली चाचणी, आणि पहिल्या 12 महिन्यांत किमान 6 अचानक चाचण्या. आमच्या ड्रायव्हरने हे सगळं केलं, न केलेल्या नशेसाठी.

स्वतःचा ट्रक स्वतःच्या नावावर चालवणाऱ्यांनाही सूट नाही. तुम्ही एकटे असलात तरी एखाद्या कन्सोर्टियमच्या, म्हणजे अनेकांच्या चाचण्या एकत्र सांभाळणाऱ्या संस्थेच्या, रँडम यादीत नाव असायलाच हवं. ते पहिल्या लोडच्या आधी घाला.