रोलर डर्बीत नवीन आहात? मग योगाच्या चटईवर काय करायचं, ते नीट समजून घ्या

रोलर डर्बी शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणांनी लहानपणी सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावर स्केटिंग केलेलं असतं. तोल असतो, वेग असतो. पण डर्बी अंगाला अंग भिडवून खेळतात. 1935 मध्ये शिकागोत सुरू झालेला हा खेळ आजच्या रूपात 2001 च्या सुमारास टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातून पुन्हा उभा राहिला. ट्रॅकवर दोन्ही संघांचे पाच-पाच खेळाडू असतात, चार ब्लॉकर, म्हणजे अडवणारे, आणि त्यांच्यातून वाट काढत गुण मिळवणारा, हेल्मेटवर चांदणी लावलेला एक जॅमर. एक जॅम, म्हणजे एक डाव, जास्तीत जास्त 2 मिनिटांचा, दोन जॅममध्ये 30 सेकंद, आणि 30-30 मिनिटांचे दोन भाग. सगळी धाव घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे कायम डावीकडे वळत. या नियमांचा शरीराशी थेट संबंध आहे, म्हणून ते आधीच सांगितले.

‘योगाने अंग लवचिक होतं’ एवढंच मनात धरून एखाद्या क्लासला गेलात, तर डर्बीसाठी फारसं हाती लागणार नाही. काही वेळा नुकसानही होतं. डर्बी शरीराचे ठरावीक भाग आखडवते आणि ठरावीक भागांवर जास्त भार टाकते. आसनं त्या हिशेबानेच निवडायला हवीत.

सुरुवात खुब्यापासून करू. डर्बीची उभं राहण्याची पद्धत म्हणजे गुडघे खोल वाकवलेले, छाती वर, वजन पावलाच्या मध्यावर. तासभर असं राहिलं की मांडीच्या वरच्या टोकाचे, खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात. त्यात दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसणं आणि लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथलं बसणं. मग सरळ उभं राहिलं की कंबर पुढे ओढली जाते, आणि सरावानंतर कमरेच्या खालच्या भागात दुखतं. दुखतं कमरेत, पण मूळ खुब्यात असतं.

यासाठी अंजनेयासन उत्तम, पण ते बहुतेक जण चुकीचं करतात. उजवा गुडघा घडी घातलेल्या चादरीवर टेका, डावा पाय पुढे. आता पुढे झुकू नका. आधी माकडहाड खाली-आत घ्या आणि मागच्या पायाच्या बाजूचा नितंब आवळा. एवढ्यानेच मांडीच्या पुढच्या बाजूला ताण जाणवायला हवा. मग कंबर दोन-तीन इंच पुढे न्या, उजवा हात वर, 6 ते 8 श्वास. ताण मांडीऐवजी कमरेत आला तर समजा, खुबा उघडलेला नाही, कणाच मागे वाकला आहे. अशा वेळी थोडं मागे या. पुढचा गुडघा किती पुढे गेला, यावर या आसनाची खोली मोजत बसू नये.

याच आसनाचा आणखी एक उपयोग आहे. डर्बीत पडल्यावर हात न टेकता पटकन उठावं लागतं, कारण जमिनीवर टेकलेल्या बोटांवरून कुणाचंही चाक जाऊ शकतं. अंजनेयासनातून हात न लावता वीरभद्रासनात उठणं आणि पुन्हा हळू खाली येणं, प्रत्येक बाजूला 8 वेळा, ही त्याचीच तालीम आहे. खाली येताना गुडघा धपकन आदळला, तर मांडीची ताकद कमी पडते आहे. तेव्हा संख्या कमी करा, वेगही कमी करा.

आता डाव्या वळणाचं बघू. क्रॉसओव्हर करताना डावा स्केट बाहेरच्या कडेवर असतो आणि शरीराखालून रेटा देतो. उजवा पाय त्याच्यावरून पलीकडे पडतो. साहजिकच डाव्या खुब्याची बाहेरची बाजू आणि उजव्या मांडीची आतली बाजू जास्त राबते. काही महिन्यांत दोन्ही बाजूंत फरक पडतो, आणि तो खेळाडूला कळतही नाही. ओळखायचा कसा? पाठीवर झोपा, एका पायाच्या तळव्याला जुनी ओढणी किंवा पंचा अडकवा आणि गुडघा सरळ ठेवून पाय वर घ्या. हे सुप्त पादांगुष्ठासन. मग तोच पाय बाहेरच्या बाजूला उघडा, नंतर शरीरावरून आडवा न्या. दोन्ही पायांची तुलना करा. जी बाजू आखडलेली, तिथे एक फेरी जास्त. दोन्हीकडे सारखंच करायचं हा क्लासमधला नियम इथे मोडायला हरकत नाही.

नितंबाच्या खोल स्नायूंसाठी एकपाद राजकपोतासनाचा (पिजन पोझचा) मोह टाळा. खुबा पुरेसा फिरत नसेल तर तो सगळा पीळ गुडघ्यावर जातो, आणि डर्बीत गुडघा आधीच सर्वांत धोक्यात असलेला सांधा आहे. त्याऐवजी पाठीवर झोपून एक घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवा आणि ती मांडी छातीकडे ओढा. ताण तोच, गुडघा सुरक्षित. ओढूनताणून पद्मासन घालण्याबद्दलही हेच म्हणणं आहे.

प्लाऊ स्टॉप, म्हणजे पाय फाकवून थांबणं, जमत नाही, ही नवख्यांची नेहमीची तक्रार. पाय लांब पसरून पावलं आत वळवताना खुबा आतल्या बाजूने फिरावा लागतो. मलासन किंवा बद्धकोणासनात तो बाहेरच्या बाजूने फिरतो. त्यामुळे ती आसनं कितीही केली तरी प्लाऊ स्टॉपला थेट मदत होत नाही. वीरासनाने होते. बुडाखाली जाड उशी किंवा दोन-तीन पुस्तकं घ्या, गुडघे जवळ ठेवा, 1 मिनिट बसा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचलं तर बैठक आणखी उंच करा. जोडीला प्रसारित पादोत्तानासन, गुडघे किंचित सैल ठेवून.

घोट्याची परीक्षा भिंतीशी घ्या. पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण 10 सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. लागत नसेल तर उत्कटासनात टाचा उचलल्या जातील किंवा पाठ गोल होईल, आणि स्केटवर छाती पुढे पडेल. छाती पुढे पडली की मागून आलेला हलका धक्काही पुरतो. पोटऱ्यांसाठी अधोमुख श्वानासनात एकेक टाच खाली दाबा, दोन्ही पायांनी मिळून 20 वेळा. घट्ट लेसमुळे आणि टो-स्टॉपवर (स्केटच्या पुढच्या टोकाच्या रबरी ब्रेकवर) धावल्यामुळे तळपाय दुखतात. त्यासाठी वज्रासनात पायाची बोटं खाली दुमडून चवड्यांवर बसा. सुरुवातीला 20 सेकंदही खूप वाटतात, ते वाढवत 1 मिनिटापर्यंत न्या.

ताकदीचा भाग थोडक्यात. शलभासन 15 सेकंद 3 वेळा, सेतुबंधासन 8 श्वास, वसिष्ठासन दोन्ही बाजूंना 20 सेकंद. धक्का देताना आणि खाताना बरगड्या व कंबर एकत्र टिकवून धरण्याचं काम वसिष्ठासनात घडतं. मनगट मुरगळलं असेल तर ते कोपरावर करा. वृक्षासन करताना उभ्या पायाचा गुडघा थोडा वाकलेला ठेवा, कारण ताठ पायावर साधलेला तोल स्केटवर कामाला येत नाही. वर उचललेलं पाऊल गुडघ्याच्या सांध्यावर टेकवू नका, त्याच्या वर किंवा खाली ठेवा.

श्वासाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण योगाचा सर्वांत मोठा फायदा आम्हाला इथेच दिसतो. तोंडात माउथगार्ड, समोर चार ब्लॉकर, अशा वेळी नवखा खेळाडू हमखास श्वास रोखून धक्का देतो. दुसऱ्या-तिसऱ्या धक्क्यालाच पाय जड होतात. धक्का देताना श्वास सोडायचा, ही सवय चटईवरच लागते. वीरभद्रासनात जोर लावताना प्रत्येक वेळी तोंडाने छोटा ‘हा’ सोडा. जॅम संपल्यावर मिळणाऱ्या 30 सेकंदांत लगेच नाकाने लांब श्वास घ्यायला जाऊ नका, जमणार नाही आणि जीव घाबरा होईल. आधी दोन-तीन श्वास तोंडाने मोकळे सोडा, खांदे खाली आणा. मग 4 मोजत नाकाने आत आणि 6 मोजत बाहेर, असे दोन श्वास मिळाले तरी पुष्कळ. घरी रोज 5 मिनिटं हा 4-6 चा सराव करा, कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता. सामन्याआधी कपालभाती नको, काहींना त्याने गरगरतं.

वेळेचं गणित चुकलं तर चांगलं आसनही अंगाशी येतं. सरावाआधी एकेक ताण मिनिटापेक्षा जास्त धरला तर स्नायूंचा जोर काही काळ कमी पडतो. म्हणून आधी 10 मिनिटं फक्त हलतं काम: मार्जारासन, सूर्यनमस्कार 4, अंजनेयासनात आत-बाहेर, उत्कटासनातून दोन्हीकडे मान आणि छाती वळवणं. ब्लॉकरला मागे बघताना खांदे वळवायचे असतात, कंबर हलवायची नसते. लांब धरायची आसनं सरावानंतर, 15-20 मिनिटं, आणि शेवटी भिंतीला पाय लावून विपरीत करणी 5 मिनिटं. जेवणानंतर तीन तास आणि वडापाव-चहा झाला असेल तर दीड-दोन तास जाऊ द्या. मुंबईच्या दमट हवेत रबरी मॅट घामाने निसरडी होते. तिच्यावर सुती सतरंजी टाका. सरावानंतर घामातून गेलेलं मीठही भरून काढा, मीठ घातलेलं लिंबूसरबत त्याला पुरेसं आहे.

जून ते सप्टेंबर उघड्यावरचे कोर्ट ओले असतात आणि सराव तुटतो. नव्या खेळाडूने योगाचा पाया घालायला हेच महिने वापरावेत: आठवड्यातून तीन दिवस, 30 मिनिटं. शिकायला मुंबईत जागा आहेत. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट 1918 पासून चालते, मरीन ड्राइव्हला कैवल्यधामचं केंद्र आहे, लोअर परळला अय्यंगार योगाश्रय. पट्टा, ठोकळे, खुर्ची वापरून शिकवणारी अय्यंगार पद्धत आखडलेल्या खेळाडूला विशेष सोयीची पडते. शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा, आपण धक्काबुक्कीचा खेळ खेळतो, कुठे दुखापत झाली आहे आणि सरावाचे दिवस कोणते. सामन्याच्या आदल्या दिवशी दमवणारा पॉवर योगा घेऊ नका.

ज्यांचे सांधे मुळातच फार सैल आहेत, गुडघा-कोपर उलटे वाकतात, त्यांनी ताणाची आसनं निम्मी करून ताकदीची वाढवावीत. बुडाच्या हाडाशी, मांडीच्या मागे बारीक दुखत असेल तर पश्चिमोत्तानासन बंद. ते दुखणं ताणून बरं होत नाही, चिघळतं. आणि डोक्याला मार लागून गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं यांपैकी काहीही झालं तर खेळ त्याच क्षणी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. ते परवानगी देईपर्यंत शीर्षासन, सर्वांगासन, डोकं खाली जाणारं कुठलंही आसन आणि जोराचा प्राणायाम करू नका, कितीही बरं वाटत असलं तरी.